आर्थिक युद्धाचे जुने कागद व त्यांचे नवे अर्थ

परराष्ट्रांच्या आर्थिक झगड्यांविषयीं लिहिणाऱ्यांस अलीकडे इतिहासाचा आधार हवासा वाटूं लागला आहे. आमच्यासारख्या जुन्या कागदांच्या वाचकांस ही गोष्ट आनंदाची वाटावी. परंतु आधार म्हणून जे कागद पुढें केले जातात आणि त्यांचा जो अर्थ लाविला जातो, तो पाहिला म्हणजे हा आनंद फार वेळ टिकत नाहीं. इ. स. २०२२ च्या फेब्रुवारींत रशियानें युक्रेनवर स्वारी केली, त्याबरोबर पाश्चात्य राष्ट्रांनीं रशियाच्या मध्यवर्ती बँकेची परदेशीं ठेविलेली सुमारें ३०० अब्ज डॉलरांची गंगाजळी अडकवून टाकिली. पुढें ऑगस्ट २०२५ मध्यें अमेरिकेनें हिंदी मालावरील २५ टक्के जकातीवर, रशियाचें तेल घेतल्याचें कारण देऊन, आणखी २५ टक्के चढविले. ह्या प्रसंगांपासून पुण्यांतील व्याख्यानांतून व लेखांतून शिवछत्रपतींचें मिठाच्या जकातीचें पत्र आणि रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांतील टोपीकरांचें प्रकरण हीं दोन वारंवार पुढें येतात. पहिल्यास व्यापारयुद्धाचा आद्य लेख म्हणतात, दुसऱ्यास भविष्यवाणी. आमच्या मतें दोन्ही वाचनें सदोष आहेत, आणि हा दोष केवळ पाठाचा नाहीं. पुढील काळांत राष्ट्रें एकमेकांचा पैसा कसा अडवितील ह्याचा अंदाज अशा वाचनावर बांधला, तर तो अंदाजहि चुकतो.

मिठाचें पत्र आधीं घेऊं. तें इ. स. १६७१ च्या अखेरीचें असून कुडाळचा सरसुभेदार नरहरि आनंदराव ह्यास लिहिलेलें आहे. मजकूर थोडक्यांत असा, कीं बारदेशांत, म्हणजे फिरंग्याच्या मुलखांत, मीठ स्वस्त पडतें. तें घाटावर जाऊं लागलें तर संगमेश्वराकडील आपल्या मिठास गिऱ्हाईक राहणार नाहीं. सबब घाटीं अशी जबर जकात बसवावी, कीं बारदेशचें मीठ संगमेश्वरच्या मिठाहून महाग पडावें. ह्या पत्राचें आजवर पुष्कळ कौतुक झालें आहे व तें योग्यच आहे. पण त्यांत काय नाहीं, तेंहि पाहिलें पाहिजे. बारदेशचें मीठ आणूंच नये असा हुकूम त्यांत नाहीं. फिरंग्याची कोंडी करण्याची भाषा नाहीं. व्यापारी आपला नफा पाहणार आणि माल स्वस्त मिळेल तेथें जाणार, हें गृहीत धरून त्याच्या हिशेबांतील एक आंकडा बदलावा, एवढाच उद्योग तेथें आहे. बारदेशावर महाराजांची स्वारी झाली होती ती इ. स. १६६७ मध्यें. पत्र लिहिलें गेलें तेव्हां फिरंग्यांशीं इ. स. १६७० चा तह झालेला होता. अर्थात् हा शांततेच्या दिवसांतील महसुली कागद आहे. त्यास युद्धाचा जाहीरनामा म्हणणें म्हणजे जकातदारास सेनापति म्हणण्यासारखें आहे.

तरीहि ह्या पत्रांत आर्थिक युद्धाच्या अभ्यासकास एक मोलाची गोष्ट सांपडते, आणि नेमकी तीच बहुधा वगळली जाते. जकात बसवावयाची ती घाटीं. आगर फिरंग्याचें, पण घाट आपला. मीठ कितीहि पिकलें तरी बैलाच्या पाठीवरून देशावर चढावयाचें तें आपल्याच चौकीवरून. पत्राचें सगळें बळ ह्या वाटेंत आहे. जकातीचा दर हा त्या बळाचा केवळ उपयोग होय. आज जकातीच्या टक्क्यांवर जी चर्चा चालते तींतहि हाच विसर पडतो. टक्के कोणासहि छापतां येतात; वाट कोणाची हा प्रश्न उरतो.

ज्याची वाट त्याचा दंडक, हें समुद्रावर अधिक स्पष्ट दिसतें. सोळाव्या शतकापासून पोर्तुगीजांनीं आपला कार्ताज, म्हणजे जहाजाचा परवाना, घेतल्यावांचून पश्चिम समुद्रांत कोणी जहाज हांकूं नये असा दंडक घातला होता. परवाना नसलेलें जहाज ते धरीत. परवाना घेतलेल्या जहाजासहि त्यांच्या बंदरीं जकात भरावी लागे. दिल्लीच्या बादशहांच्या जहाजांनासुद्धां हा परवाना घ्यावा लागे. पुढें कान्होजी आंग्र्यांनीं तोच न्याय आपल्या किनाऱ्यावर लावून दस्तक चालू केला, तेव्हां मात्र मुंबईकर इंग्रजांनीं त्यास चांचेगिरी हें नांव दिलें, आणि इंग्रजी कागदांवरच विसंबून राहणाऱ्या लेखकांनीं तें नांव दीड-दोनशें वर्षें चालविलें. एकाचा परवाना तो कायदा आणि दुसऱ्याचा तो दरोडा! इ. स. १७२१ मध्यें इंग्रज व पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून आले, ते ह्या दस्तकाचेंच मूळ उपटण्यासाठीं. तो प्रयत्न फसला. परंतु जें शत्रूंस साधलें नाहीं तें आपणच साधून दिलें. तुळाजी आंग्रे पेशव्यांस जुमानीत नव्हता हें खरें, आणि त्याची कड घेण्याचा आमचा हेतु नाहीं. तथापि इ. स. १७५६ च्या फेब्रुवारींत पेशव्यांच्या संमतीनें इंग्रजांचें आरमार विजयदुर्गावर आलें आणि तुळाजीचीं गलबतें बंदरांतच जळालीं, त्या दिवशीं घरच्या बंडखोराच्या बंदोबस्ताबरोबर समुद्रावरील वाटहि परक्याच्या हातीं गेली. आर्थिक युद्धाच्या दृष्टीनें मराठ्यांच्या इतिहासांतील हा पराभव आम्ही फार मोठा मानतों. त्याची वार्ता पुण्यांत विजयाची म्हणून आली होती.

आतां नाण्याकडे वळूं. ज्या कागदाकडे आर्थिक विषयाच्या लेखकांनीं पहिल्यानें वळावयास पाहिजे होतें, त्याचा उल्लेख आम्हांस त्यांच्या लेखांत क्वचितच आढळला. राज्याभिषेकाच्या वेळीं, म्हणजे जून १६७४ मध्यें, हेन्री ऑक्झेंडन हा इंग्रजांचा वकील रायगडावर होता. त्यानें मांडलेल्या तहाच्या कलमांत इंग्रजांचें नाणें महाराजांच्या मुलखांत चालावें असें एक कलम होतें. बहुतेक कलमें मान्य झालीं. ह्यास मात्र नकार आला. नकाराचें कारण ऑक्झेंडननें टिपून ठेविलें आहे. तें असें, कीं हें कलम घालण्याचें प्रयोजन नाहीं. राजा कोणतेंहि नाणें चालण्यास मनाई करीत नाहीं, आणि प्रजेनें तोटा सोसून अमुक नाणें घ्यावें अशी सक्तीहि करूं शकत नाहीं. इंग्रजांचें नाणें मोंगलांच्या व इतर राजांच्या नाण्याइतकें वजनाचें व कसाचें असेल तर तें खुशाल चालेल.

हें उत्तर इंग्रजाच्या लेखणींतून व दुभाष्या नारायण शेणव्याच्या तोंडून आपणांपर्यंत आलें आहे, तेव्हां शब्दांवर फार भार देतां येणार नाहीं. पण आशयावर देतां येतो. ज्याची मागणी नाकारली गेली त्यानेंच नकार लिहून ठेविला आहे. त्यास तो सजविण्याचें कारण नव्हतें. शिवाय वेळ ध्यानांत घ्या. त्याच राज्याभिषेकाच्या निमित्तानें होन व शिवराई हीं स्वतःचीं नाणीं पडत होतीं. नवें सिंहासन, नवा शक, नवें नाणें. अशा वेळीं परकें नाणें सक्तीनें बंद करण्याचा किंवा मैत्रीपोटीं सक्तीनें चालविण्याचा मोह कोणासहि झाला असता. महाराजांनीं दोन्ही केलें नाहीं. वाटेवर जकात बसवितां येते, पण हातावर ठेविलेलें नाणें घेणाऱ्यानें खरें मानलेंच पाहिजे असा हुकूम सोडतां येत नाहीं. मिठाचें पत्र व हें उत्तर ह्यांत अवघ्या तीन वर्षांचें अंतर आहे. आणि दोन्ही एकत्र वाचल्यावांचून एकाचाहि अर्थ पुरा होत नाहीं असें आम्हांस वाटतें.

ह्याचें प्रत्यंतर कोंकणच्या त्याच किनाऱ्यावर अलीकडे पाहावयास मिळालें. इ. स. २०२२ च्या जुलैंत रिझर्व्ह बँकेनें परदेशाशीं होणाऱ्या व्यापाराचा हिशेब रुपयांत चुकता करण्याची सोय केली. रशियाच्या बँकांचे मार्ग बंद झाल्यामुळें ह्या सोयीची बरीच चर्चा झाली. रशियाचें तेल येत राहिलें. उलट आपल्याकडून तिकडे जाणारा माल थोडा. मे १६७४ चा ऑक्झेंडन जसा नाण्याचें कलम घेऊन रायगड चढला, तसे मे २०२३ मध्यें रशियाचे परराष्ट्रमंत्री लाव्हरोव्ह साळसष्टींतील बाणावलीस शांघाय सहकार्य संघटनेच्या बैठकीसाठीं आले होते. तेथें त्यांनीं वार्ताहरांस सांगितलें, कीं हिंदुस्थानच्या बँकांत आमचे अब्जावधि रुपये साठले आहेत, पण ते वापरावयाचे तर दुसऱ्या चलनांत बदलले पाहिजेत. दोन्ही सरकारें राजी, दोन्हींचा स्नेह जुना, आणि तरीहि नाणें पडून! डॉलराची सत्ता आज ना उद्यां हुकमानें मोडेल असें जे म्हणतात, आणि ती हुकमानें टिकवितां येईल असें जे म्हणतात, त्या दोघांनींहि रायगडचें उत्तर वाचावें.

आज्ञापत्राविषयींचा आमचा आक्षेप निराळा आहे. इ. स. १७१५-१६ च्या सुमाराच्या ह्या ग्रंथांत टोपीकर हे इतर सावकारांसारखे नव्हेत, त्यांच्यामागें त्यांचे राजे आहेत, त्यांच्या हुकमानेंच ते व्यापारास येतात, आणि त्यांस भूमीचा लोभ आहे, हें जें सांगितलें आहे त्याची तीक्ष्णता कोण नाकारील? व्यापारी व सत्ता ह्यांचें हें जुळें रूप त्या काळीं इतक्या स्वच्छ शब्दांत मांडणारा दुसरा देशी लेख आम्हांस माहीत नाहीं. पण सुचविलेला उपाय पाहा. वखारीस जागा द्यावीच लागली तर ती समुद्राकांठीं किंवा खाडीच्या तोंडाशीं देऊं नये. चार-आठ कोस आंत, सखल जागीं द्यावी. पक्कें बांधकाम करूं देऊं नये. अमात्यांस धोका दिसला तो जागेचा. किल्ल्यांवर वाढलेल्या पिढीस तो जागेचाच दिसणार, ह्यांत त्यांचा दोष नाहीं. मात्र टीकाकार जेव्हां ह्या प्रकरणास भविष्यवाणी म्हणतात, तेव्हां पुढें प्रत्यक्षांत काय घडलें हें विसरतात. टोपीकरांनीं मराठी राज्यांत पाय रोवले ते सगळेच खाडीच्या तोंडाशीं नव्हते. एक पाय समुद्रापासून दूर, बडोद्याच्या सावकारी पेढ्यांत रोवला गेला, आणि त्यासाठीं वखारीच्या चार हात जागेचीहि गरज पडली नाहीं.

बडोद्याची हकीकत विस्तारानें सांगण्याजोगी आहे. इ. स. १८०० मध्यें आनंदराव गायकवाड गादीवर आले तेव्हां दौलत कर्जांत बुडालेली होती, आणि खरी सत्ता पगार थकलेल्या अरब शिबंदीच्या हातीं होती. अरब जमादार सरकारच्या वतीनें लोकांस व सावकारांस बांहेधरी, म्हणजे हमी, देत. सरकारच्या शब्दास किंमत उरली नव्हती, जमादाराच्या हमीस होती. इ. स. १८०२ मध्यें दिवाण रावजी आपाजी ह्यांच्या बोलावण्यावरून कंपनीची फौज आली आणि मेजर वॉकर बडोद्यास रेसिडेंट झाला. अरबांची बाकी चुकविण्यास पैसा पाहिजे होता. कांहीं कंपनीनें दिला, कांहीं बडोद्याच्या सावकारांनीं. पण सावकारांनीं दिला तो गायकवाडांच्या शब्दावर दिला नाहीं, कंपनीच्या हमीवर दिला. वर्षाअखेर अरब शहराबाहेर काढले गेले, आणि त्यांची बांहेधरी कंपनीच्या अंगीं आली.

ह्यानंतर जें झालें तें जगांतील आर्थिक युद्धाच्या कोणत्याहि ग्रंथांत पहिल्या प्रकरणांत घालावें असें आहे. ज्याच्या हमीवर कर्ज, त्यास हिशेब पाहण्याचा अधिकार. ज्यास हिशेब पाहण्याचा अधिकार, त्यास खर्च तोडण्याचा. आणि खर्च तोडण्याचा अधिकार आला कीं शिबंदी, नेमणुका, दिवाणगिरी सर्वच आलें. दुसरे सयाजीराव गादीवर आल्यावर हमीदार सावकारांचें देणें व कंपनीचा हात ह्यांवरून त्यांचें रेसिडेंटाशीं वांकडें पडलें, तेव्हां इ. स. १८२८ मध्यें कंपनीनें सावकारांच्या देण्यापोटीं गायकवाडांचे कांहीं महाल जप्त करून आपल्या ताब्यांत घेतले. राजा जिवंत, गादी कायम, लढाई नाहीं, आणि महालांचा वसूल मात्र दुसऱ्याच्या खजिन्यांत. २०२२ मध्यें रशियाची गंगाजळी अडकली, तिच्यापैकीं फार मोठा भाग बेल्जममधील युरोक्लियर ह्या रोखे सांभाळणाऱ्या संस्थेंत होता. त्या रोख्यांवर नांव रशियाचें, ताबा दुसऱ्याचा. हें दृश्य ज्यांस अभूतपूर्व वाटलें त्यांनीं बडोद्याच्या रेसिडेन्सीचें दप्तर पाहिलेलें नाहीं, इतकेंच आम्ही म्हणतों. फरक आहे तो असा, कीं गायकवाडांनीं हमी गरजेपोटीं स्वीकारली होती. रशियानें ठेव सुबत्तेच्या दिवसांत विश्वासानें ठेविली होती.

मग पुढें काय? आमचा अंदाज जुन्या कागदांवरून बांधलेला आहे, त्याची मर्यादा वाचकांनीं ओळखावी. मालाची बंदी हें ह्या युद्धाचें सर्वांत गाजणारें पण सर्वांत गळकें शस्त्र आहे. नेपोलियननें इ. स. १८०६ मध्यें बर्लिनहून हुकूम काढून इंग्रजी मालास सारें युरोप बंद केलें, आणि त्या बंदीच्या भोंकांतून चोरटा माल वर्षानुवर्षें वाहत राहिला. वाटेची बंदी त्याहून कठीण, कारण वाटा थोड्या असतात. आजच्या वाटा डोळ्यांस दिसत नाहींत. स्विफ्ट ही बेल्जममधील संस्था इ. स. १९७३ मध्यें निघाली. ती पैसा नेत नाहीं, बँकांचे निरोप नेते. इराणच्या बँका तिच्यांतून इ. स. २०१२ मध्यें व रशियाच्या कांहीं बँका इ. स. २०२२ मध्यें काढल्या गेल्या. निरोप तुटला कीं पैसा जागच्याजागीं थिजतो. सावकारी निरोपाचें हें महत्त्व आमच्या वाचकांस नवें नाहीं. पानिपतच्या संहाराची बातमी इ. स. १७६१ च्या जानेवारींत नानासाहेब पेशव्यांस प्रथम मिळाली ती एका सावकाराच्या सांकेतिक चिठ्ठींतून, असें ग्रँट डफनें लिहून ठेविलें आहे. दौलतीच्या जासूदाआधीं पेढीचा जासूद पोंचला होता.

वाटेहून कठीण शस्त्र हमीचें व ठेवीचें. परंतु तें एकदां उपसलें कीं ठेव ठेवणारे सावध होतात. जगांतील मध्यवर्ती बँकांनीं इ. स. २०२२, २०२३ व २०२४ ह्या तीन वर्षांत दरसाल हजार टनांहून अधिक सोनें घेतलें, तें ह्या सावधपणाचें लक्षण आहे. रिझर्व्ह बँकेनें इ. स. २०२३-२४ ह्या आर्थिक वर्षांत सुमारें १०० टन सोनें इंग्लंडहून आपल्या तिजोऱ्यांत आणून ठेविलें. इ. स. १९९१ मध्यें परकीय चलनाच्या टंचाईंत जवळजवळ ४७ टन सोनें गहाण टाकण्यासाठीं बाहेर पाठवावें लागलें होतें, त्याची आठवण असणाऱ्यांस ह्या बातमीचें मर्म सांगावयास नको. आम्हांस असें दिसतें, कीं पुढील झगड्यांत राष्ट्रें आपल्या ठेवी घरीं आणतील, निरोपाच्या लहानमोठ्या निराळ्या वाटा निघतील, आणि जो तो आपल्या घाटावर चौकी बसवील. दुर्मिळ धातूंच्या निर्यातीवर चीननें एप्रिल २०२५ मध्यें परवाने लाविले, ही अशीच एक चौकी. पण ह्या सर्व वाटांवरून अखेर कोणतें नाणें चालेल हें व्यापारी ठरवील. ठेवीवर टांच आणणाऱ्या राज्याचें नाणें तो लागलीच टाकणार नाहीं, कारण दुसरें तितकें कसाचें हातीं नाहीं; मात्र तें घेतांना तो आतां पूर्वीपेक्षां अधिक वेळ न्याहाळतो.

ह्या विषयाचा खरा अडसर मात्र आमच्याच घरांत आहे. वर आम्हीं जे कागद वापरले त्यांपैकीं दोन राजदरबारचे, एक इंग्रजांचा, आणि बडोद्याचें प्रकरण बहुतांशीं कंपनीच्या दप्तरांतून आलेलें. ज्यांच्या पेढीवर हें युद्ध झालें त्या सावकारांचा आवाज ह्यांत कोठेंच नाहीं. संग्राहकांस शिक्क्यामोर्तबाचें पत्र हवें असतें. मोडींतील खतावणी, हुंडीची नक्कल, व्याजाची यादी हीं कोणास नको असतात. बाजीराव पेशव्यांच्या कर्जाच्या चिंतेचीं पत्रें ब्रह्मेंद्रस्वामींच्या पत्रव्यवहारामुळें छापलीं गेलीं व आपण तीं आवडीनें वाचतों. परंतु त्या कर्जाची दुसरी बाजू, म्हणजे देणाऱ्याची वही, शोधण्याची आवड त्या मानानें फारच थोडी. गेल्या हिंवाळ्यांत येथील जुन्या बाजारांत आम्हीं एका वहीचें चामडी वेष्टण विकत मागतांना पाहिलें. आंतील पानें विकणाऱ्यानें आधींच रद्दींत दिलीं होतीं. वेष्टणावर पेढीच्या नांवाचीं चार अक्षरें शिल्लक होतीं. गिऱ्हाईकानें तें आनंदानें घेतलें.

ज्यांच्या संग्रहांत गुजराथ किंवा खानदेशकडील पेढ्यांच्या इ. स. १७९५ ते १८२८ ह्या काळांतील वह्या असतील, त्यांनीं त्यांतील गायकवाड सरकारच्या खात्यावरील व्याजाचा दर सालवार काढून पाहावा. अरबांच्या हमीवर दर काय होता आणि १८०२ नंतर कंपनीच्या हमीवर तो किती उतरला, हे दोन आंकडे शेजारी मांडले म्हणजे ती हमी कंपनीस किती स्वस्तांत व गायकवाडांस किती महाग पडली ह्याचा हिशेब प्रथमच सावकाराच्या हातचा मिळेल. अशा नोंदी ह्या त्रैमासिकांत मूळ मोडीच्या छायाचित्रांसह छापण्यास आम्ही तयार आहों.